शेजारी संस्कृती जवळ कशा येतात, दूर कशा जातात : कुपवाडचे व्याकरण आणि नागपूरची दीक्षा

सांगली जिल्ह्यातले कुपवाड हे गाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या अभ्यासक्रमांत शिकवले जाते, हे खुद्द सांगलीतही फारसे कुणाला माहीत नसेल. आज हा भाग सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत सामावला आहे. १९६०च्या दशकात मात्र ते सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे होते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तिथल्या बोलींचा अभ्यास केला आणि १९७१ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

गावातली बरीचशी जमीन जैन शेतकऱ्यांकडे होती आणि त्यांच्या घरात कन्नड बोलली जाई. लिंगायतांच्या घरातही कन्नडच. मुसलमानांच्या घरात उर्दू, दोर वळणाऱ्या काही कुटुंबांत तेलुगू आणि अस्पृश्य ठरवलेल्या व इतर भूमिहीन मजुरांच्या घरांत मराठी. शेतावर, चावडीवर, बाजारात माणसे एकमेकांच्या भाषा सर्रास बोलत. असा व्यवहार शेकडो वर्षे चालल्यावर काय झाले? अभ्यासकांना आढळले की गावातल्या कन्नड, उर्दू आणि मराठीची वाक्यरचना जवळजवळ एकच झाली आहे. एका भाषेतले वाक्य घ्यावे, प्रत्येक शब्दाच्या जागी दुसऱ्या भाषेतला शब्द ठेवत जावे, की त्या भाषेतले वाक्य तयार. कन्नडमध्ये लिंगभेद माणसांपुरता असतो, बाकी सगळे नपुंसक; कुपवाडच्या मराठीने तोच नियम उचलला. पुण्याच्या मराठीत नदी ‘येते’ तेव्हा ती ‘आली’ असते. कुपवाडच्या मराठीत नदी ‘आलं’.

पण शब्द? शब्द ज्याचे त्याचे राहिले. व्याकरण एक झाले तरी कुणी आपली घरची भाषा सोडली नाही. जैन घरात कन्नड चालूच राहिली, मोहल्ल्यात उर्दू चालूच राहिली. याचे कारण अभ्यासकांनी भाषेच्या बाहेर शोधले. शेत आणि बाजार सगळ्यांचा होता. चूल, देव आणि लग्न मात्र ज्या त्या समाजाचे. घराच्या आत दुसऱ्याला जागा नव्हती आणि घराची भाषा ही त्या आतल्या जागेची खूण होती. गावाची समाईक भाषा होती मराठी, कारण ती गावातल्या कुठल्याच वरचढ समाजाची घरची भाषा नव्हती. ज्यांना कुणाच्याच उंबऱ्याच्या आत घेतले जात नव्हते, त्यांच्या घरची भाषा सगळ्यांच्या उंबऱ्याबाहेरची भाषा झाली.

पुढे सुमारे चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडमध्ये पुन्हा काम केले आणि ‘शब्दाला शब्द’ हे चित्र इतके सरसकट धरता येत नाही, असे दाखवले. तरीही मूळ निरीक्षणातली मोलाची गोष्ट टिकून आहे. दोन समाज एकमेकांसारखे होणे ही एक गोष्ट आहे आणि त्यांच्यातले अंतर कमी होणे ही दुसरी. पहिली घडली म्हणून दुसरी घडेलच असे नाही.

सांस्कृतिक संपर्काच्या अभ्यासाला हे उमगायला वेळ लागला. १९३६ साली रॉबर्ट रेडफिल्ड, राल्फ लिंटन आणि मेलव्हिल हर्स्कोविट्स या अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी या विषयाची पहिली पद्धतशीर मांडणी केली. त्यात दोन गट सतत संपर्कात आले की त्यांच्या चालीरीतींत काय बदल होतात, यावर भर होता. १९६९ मध्ये नॉर्वेच्या फ्रेड्रिक बार्थ यांनी प्रश्नच फिरवला. चालीरीतींची यादी काय करता, दोन गटांमधली सीमा बघा, असे त्यांचे म्हणणे. सीमेवरून माणसे ये-जा करतात, खाणे-पिणे, कपडे, गाणी ये-जा करतात, तरी सीमा तशीच राहते. ती कोण राखतो आणि कशासाठी राखतो, हा अभ्यासाचा खरा विषय.

आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. उंबऱ्यावर उभे राहून हा प्रश्न विचारण्याचे काम बार्थ यांच्या ५३ वर्षे आधी पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने केले होते.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. या निबंधाची ओळख बहुधा ‘जातीचे मूळ सजातीय विवाहात आहे, असे सांगणारा निबंध’ एवढीच करून दिली जाते. ती बरोबर आहे, पण अर्धी आहे. दुसरा अर्धा भाग शेजारधर्माविषयी आहे. एका वर्गाने दार लावून घेतले, मग ती रीत आजूबाजूला पसरली कशी?

त्यासाठी बाबासाहेबांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचे अनुकरणाचे नियम वापरले. तार्द यांचे पुस्तक १८९० चे. त्यांच्या मते अनुकरण वरून खाली वाहते. ज्याचे अनुकरण करायचे त्याला प्रतिष्ठा हवी आणि दोघांचा रोजचा, पुष्कळ संबंध हवा. अंतर जितके कमी, तितके अनुकरण जास्त. आणि हे अंतर मैलांचे नव्हे, सामाजिक. बाबासाहेबांनी हे सूत्र पडताळून पाहिले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी त्यांनी घेतल्या. ब्राह्मणांच्या सर्वांत जवळच्या जातींनी तिन्ही उचलल्या. त्याहून थोड्या दूरच्यांनी वैधव्य आणि बालविवाह घेतले. आणखी दूरच्यांनी फक्त बालविवाह. आणि सगळ्यांत लांब असलेल्यांनी? त्यांनी रूढी घेतली नाही, फक्त जातीचे तत्त्व घेतले.

पाण्यात दगड टाकल्यावर तरंग विरत जावेत तशी ही रचना आहे. पण शेवटच्या तरंगाकडे नीट बघितले पाहिजे. वाटेत सगळे गळून पडले, तरी दार लावण्याची कल्पना शेवटपर्यंत पोचली. याच निबंधात बाबासाहेब म्हणतात की भारतात संस्कृतीची एकता आहे. जात म्हणजे मुळात एकजिनसी असलेल्या समाजाचे केलेले तुकडे. काहींनी दारे लावून घेतली आणि बाकीच्यांना ती आपल्यावर लावलेली आढळली. कुपवाडच्या भाषेत सांगायचे तर व्याकरण सगळ्यांचे एक होते, आणि त्या व्याकरणाचा पहिला नियमच ‘वेगळे राहा’ असा होता.

१९५२ मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग समाजावरच्या ग्रंथात ‘संस्कृतीकरण’ हा शब्द रूढ केला आणि तो विद्यापीठांत फार गाजला. खालची जात वरच्या जातीचे आचार घेते आणि एक-दोन पिढ्यांत वर सरकते, असा त्याचा आशय. छत्तीस वर्षांपूर्वीच्या निबंधाची आठवण किती जणांनी ठेवली, हा वेगळा विषय आहे. मुद्दा असा की उतरंडीच्या मधल्या पायऱ्यांवर ही सरकासरकी शक्य होती. तळाशी ठेवलेल्यांनी अनुकरण केले तर काय होत असे, याचे पुरावे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले आहेत. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरायचे. ओळख पटावी म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा. इंदूर भागातल्या बलाई समाजाला १९२८ च्या सुमारास सवर्णांनी लेखी नियमच दिले : जरीकाठी पागोटी घालायची नाहीत, रंगीत काठाची धोतरे नेसायची नाहीत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना तुपाचे जेवण दिले, तर लाठ्या घेऊन लोक चालून गेले. तूप त्याच्याच पैशाचे होते. गुन्हा एवढाच की आपल्यासारखे जेवला.

म्हणजे वेगळेपणा हा नेहमी वेगळे राहणाऱ्याचा निर्णय नसतो. बऱ्याचदा तो लादलेला गणवेश असतो. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडे कसे नेसावे आणि कोणते दागिने टाकून द्यावेत हे सांगितले, त्याला फार अर्थ आहे. गुडघ्यापर्यंतचे नेसणे आणि जड कथलाचे दागिने ही जातीची पाटी होती. स्त्रियांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. वरवर पाहता हे अनुकरणच, स्पृश्य बायकांसारखे नेसणे. पण तार्दच्या नियमात बसणारे नव्हे. मोहाने केलेले अनुकरण आणि बंदी मोडण्यासाठी केलेले अनुकरण, दोन्हीकडे लुगडे तेच असते.

संपर्कातून दुरावा कसा जन्मतो याचे एक वेगळे स्पष्टीकरण ग्रेगरी बेटसन यांनी १९३५ मध्ये दिले. न्यू गिनीतल्या सेपिक नदीकाठच्या इआतमुल लोकांत काम करताना त्यांना दिसले की दोन गट एकमेकांना प्रतिसाद देता देताच अधिक वेगळे होत जातात. एकाने बढाई मारली की दुसरा जास्त बढाई मारतो. किंवा एक जितका दबाव टाकतो तितका दुसरा दबत जातो. पहिली चढाओढ, दुसरी उतरंड. दोन्ही संपर्काशिवाय घडूच शकत नाहीत.

बाबासाहेबांच्या १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाचा गाभा अशाच चढाओढीचा आहे, फक्त तिथे कालखंड शतकांचा आहे. त्यांची मांडणी थोडक्यात अशी : बौद्ध धम्माने यज्ञातली पशुहत्या नाकारली आणि लोकांच्या मनात भिक्खूंचा आदर वाढला. ब्राह्मणांना गेलेली प्रतिष्ठा परत मिळवायची होती. नुसते गोमांस सोडले असते तर ते भिक्खूंच्या बरोबरीला आले असते. वरचढ होण्यासाठी एक पाऊल पुढे टाकणे भाग होते, म्हणून ते पूर्ण शाकाहारी झाले आणि गाय पवित्र ठरली. बाकीच्यांनी त्यांचे पाहून गोमांस सोडले. इथे बाबासाहेब पुन्हा तार्दचेच नाव घेतात. आणि ज्यांना मेलेल्या जनावराच्या मांसावर जगणे भाग होते ते ‘ब्रोकन मेन’, म्हणजे वाताहत झालेले आणि बौद्ध राहिलेले लोक, ते अस्पृश्य ठरले. या सिद्धांताचा प्रत्येक दुवा इतिहासकारांना मान्य आहे असे नाही. बाबासाहेबांनीही तो उपलब्ध पुराव्यांवरून जोडलेला सिद्धांत म्हणूनच मांडला आहे. पण संस्कृतीच्या व्यवहाराविषयीची त्यातली दृष्टी आजही ताजी आहे. आपण ज्याला अनादि परंपरा म्हणतो, ती कुण्या शेजाऱ्यावर कुरघोडी करण्यासाठी उचललेले पाऊल असू शकते.

आता १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला बाबासाहेबांनी कुशीनाराचे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर लाखो अनुयायांना स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. संस्कृतींच्या अभ्यासकाने या प्रतिज्ञा एकदा सीमेचे दस्तऐवज म्हणून वाचाव्यात. देवदेवतांची पूजा सोडणे, गौरी-गणपती सोडणे, श्राद्ध आणि पिंडदान न करणे, ब्राह्मणाच्या हातून विधी न करवणे : यातली प्रत्येक गोष्ट शेजाऱ्याच्या घरात चालू आहे आणि कालपर्यंत आपल्याही घरात होती. पाचवी प्रतिज्ञा सर्वांत सूक्ष्म आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही. हे शेजाऱ्याचे काही सोडण्याविषयी नाही. आपल्या शास्त्याला शेजाऱ्याने आपल्या देवघरात बसवून घेतले, त्याला दिलेला तो नकार आहे. भारतातून बौद्ध धम्म लोप पावला त्यात आक्रमणे आणि राजाश्रय तुटणे ही कारणे होतीच. सारखेपणाच्या मिठीत विरघळून जाणे हेही एक कारण होते. दशावतारांच्या महाराष्ट्रातल्या कित्येक चित्रांत नववी जागा कधी बुद्धाची, कधी विठोबाची असते. तिथे कुणी लाठी उगारलेली नाही. तरी बुद्ध नाहीसा होतो.

जे सोडले त्याच्या जागी काय आणले, हे तितकेच महत्त्वाचे. बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेत कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, १९५४ मध्ये रंगूनच्या परिषदेला गेले. तिथले उपासक वंदना कशी घेतात, विहारात काय करतात हे त्यांनी पाहिले. त्याच डिसेंबरात देहूरोडला त्यांनी स्थापन केलेली मूर्ती रंगूनहून आणलेली. १९५६ मध्ये ‘बौद्ध पूजापाठ’ निघाला. आपला पंचरंगी धम्मध्वज १८८५ साली कोलंबोत तयार झाला. पौर्णिमेला पांढरी वस्त्रे घालण्याची रीत श्रीलंकेच्या उपासकांची. त्रिशरण, पंचशील पालीत. थोडक्यात, सातशे-आठशे कोसांवरच्या माणसाशी सारखेपणा जोडून शंभर पावलांवरच्या शेजाऱ्याशी अंतर निर्माण केले गेले. तार्दच्या नियमाच्या हे बरोबर उलटे आहे.

त्या शंभर पावलांत काय झाले ते ज्यांच्या घरी घडले त्यांना विचारावे. मरीआई, म्हसोबा टोपलीत भरून नदीला किंवा विहिरीला गेले. मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, वेसकरकी, तराळकी, मयताचा सांगावा नेणे बंद झाले. वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांचा लढा जुना होता; कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. गावगाड्याच्या नजरेने हा धर्माचा प्रश्न कमी आणि कामाचा जास्त होता. शेजारी म्हणू लागले, ‘ही माणसं बदलली.’ कित्येक गावांत पाणी, किराणा, मजुरी बंद झाली. आणि नवरीचे पांढरे लुगडे! ज्या मुलखात पांढरे कपाळ आणि पांढरे वस्त्र म्हणजे अशुभ, तिथे सून पांढऱ्या वस्त्रात उभी करायची. पहिल्या पिढीतल्या बायकांनी हे कसे पेलले असेल, याची नोंद फार कमी ठिकाणी झाली आहे.

जनगणनेतही हे दिसते. १९५१ ला आजच्या महाराष्ट्राच्या भूभागात बौद्धांची नोंद अवघी काही हजार होती. १९६१ ला ती सुमारे २८ लाख झाली. २०११ मध्ये देशातल्या ८४ लाख ४३ हजार बौद्धांपैकी ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात होते. यात एकही माणूस बाहेरून आला नव्हता. ज्या घरात तो राहत होता त्याच घरात राहून त्याने शेजार बदलला.

वेगळे होणे हे नेहमी मुक्तीच असते असे मात्र समजू नये, आणि याचे उदाहरण आपल्याला बौद्ध जगातच बघावे लागते. श्रीलंकेचे सिंहली बौद्ध आणि तमिळ हिंदू यांचे साम्य इतके आहे की त्यांना दोन संस्कृती म्हणावे का, हा प्रश्न पडावा. सिंहली भाषा मराठीसारखीच आर्यभाषा कुळातली, पण सिंहली नातेव्यवस्था दक्षिणेची : मामाची मुलगी करणे योग्य, चुलत्याची बहिणीसारखी. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेमधला सांधा म्हटले, ते याच प्रकारच्या मिश्रणामुळे. पट्टिनी देवी दोघांची. कतरगमच्या यात्रेला सिंहली आणि तमिळ दोघे जातात. देव एकच, नावे दोन. असे असूनही १९५६ मध्ये, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २,५०० वर्षे झाल्याचा उत्सव चालू असताना, तिथल्या संसदेने एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा केला. भिक्खूंच्या संघटनांचा त्याला जोरदार पाठिंबा होता. तमिळला राजभाषेचे स्थान मिळायला १९८७ उजाडले, आणि तोवर यादवी युद्ध सुरू होऊन चार वर्षे झाली होती. ते २००९ मध्ये थांबले.

एकच साल, एकच धम्म, दोन सीमा. नागपूरची सीमा ज्यांच्यावर दार लावले होते त्यांनी आखली. कोलंबोची सीमा ज्यांच्या हातात राज्य होते त्यांनी आखली. पहिलीत कुणाचे पोट, पाणी, नोकरी हिरावली गेली नाही. गेली असेल तर सीमा आखणाऱ्यांचीच. संस्कृती वेगळी झाली की जवळ आली एवढेच मोजणाऱ्याला हा फरक दिसणार नाही.

आपल्याकडे साम्य किती पोकळ असू शकते ते १९७८ ने दाखवले. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि पाठोपाठ मराठवाड्यातल्या खेड्यांत बौद्धांची घरे पेटली. भाषा एक, भाकरी एक, दुष्काळ एक, मामाच्या मुलीशी लग्नाची रीतही एक. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ यावे लागले.

त्यानंतरच्या पिढीत मात्र एक वेगळीच प्रक्रिया दिसते आणि तिच्याविषयी आपल्या समाजात रोज वाद चालतात. लग्नपत्रिका घ्या. शेजाऱ्याच्या पत्रिकेवर ‘श्री गणेशाय नमः’, आपल्या पत्रिकेवर ‘नमो बुद्धाय, जयभीम’. त्याचा ‘शुभविवाह’, आपला ‘मंगल परिणय’. मंचावर भटजींच्या जागी बौद्धाचार्य, मंगलाष्टकांच्या जागी पाली गाथा. शब्द सगळे आपले आहेत. पण आदल्या दिवशीची हळद? मानपानाच्या साड्या? देण्याघेण्याची बोलणी? मयतानंतर तेराव्याच्या जागी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन आले, तरी अनेक घरांत दिवस शेजाऱ्यांच्याच हिशेबाने मोजले जातात. हे पाहून ज्येष्ठ कार्यकर्ते चिडतात. त्यांची चीड रास्त आहे, पण ‘समाज पुन्हा हिंदू होतो आहे’ हे निदान मला पुरेसे वाटत नाही. कुपवाडमध्ये मराठी बोलणारा कानडी झाला नव्हता. तो शेजाऱ्याच्या व्याकरणात आपले शब्द बोलत होता. हळद ही रीत आहे. हुंडा हा अन्याय आहे. दोन्हींना एकाच काठीने हाकले की हळदीवर तीन तास चर्चा होते आणि हुंडा मागच्या दाराने निघून जातो.

शिवाय उसनवारी एकतर्फी नाही. ‘जयभीम’ या अभिवादनाचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. आज ‘जय जिजाऊ’, ‘जय मल्हार’, ‘जय लहुजी’ अशी अभिवादने महाराष्ट्रभर ऐकू येतात. महामानवाच्या नावाने एकमेकांना भेटायचे, ही रचना आता सगळ्यांची आहे. १४ एप्रिल १९२८ ला पुण्यात जनार्दन रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली असे सांगितले जाते. आज प्रत्येक समाजाला त्याच्या महापुरुषाची जयंती आहे, मंडळ आहे, वर्गणी आहे, मिरवणूक आहे, चौक आहे, झेंड्याचा रंग आहे आणि दुर्दैवाने तोच डीजे आहे. निळा, भगवा, पिवळा, हिरवा हे शब्द, वाक्य एकच. वेगळेपणा दाखवण्याची पद्धत जितकी सारखी झाली आहे तितकी यापूर्वी कधी नव्हती. अपवाद शोधायचाच तर ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जावे. यात्रेहून लोक प्रसाद नेतात, इथून पुस्तके नेतात. ही रीत कुणाची उसनी नाही, आणि अजून कुणी आपल्याकडून उचललेलीही नाही. उचलली तर आनंदच आहे.

नावांचेही असेच झाले. पहिल्या पिढीने मुलांना गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे मोठ्या जाणीवेने ठेवली. यातली राहुल आणि सिद्धार्थ ही नावे आता सगळ्या जातींत इतकी पसरली आहेत की त्यावरून काही ओळखू येत नाही. मग आपण संघपाल, धम्मदीप, प्रज्ञाशील अशी नावे ठेवू लागलो. शेजारी जवळ आला की आपण अर्धे पाऊल सरकतो. यात गैर काही नाही. भिक्खूंपुढे ब्राह्मण सरकले होते तेव्हाही असेच घडले होते, एवढे लक्षात असू द्यावे.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये जी कसोटी लावली ती लग्नाची होती. बाकी सगळे वाहते, दार तेवढे राहते. भारतीय मानवी विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत जातीबाहेरची लग्ने शंभरात पाचच्या आसपास निघाली. इतकी शहरे वाढली, एका डब्यातून प्रवास होतो, एका कॅन्टीनमध्ये जेवण होते, एकाच मालिकेवर गप्पा होतात, आणि आकडा पाच. शेजाऱ्याच्या दाराविषयी आपण हे बोलतो आणि बोललेच पाहिजे.

आपल्या दाराचे काय? मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा येतो, ‘आम्ही’मधून तो वगळला जातो. हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद करता येत नाही, दख्खनी उर्दूने मात्र ‘अपन’ जवळ केला. दीक्षा घेतलेल्या मातंग, चर्मकार, ओबीसी कुटुंबांना आपल्या वस्तीत यातला कोणता शब्द ऐकू येतो, हे त्यांनाच विचारावे. विहारात शेजारी बसून वंदना होते, धम्मपरिषदेत एका पंगतीला जेवण होते. मुलीच्या स्थळाचा विषय निघाला की ‘तसे सगळे बौद्धच, पण’ इथे वाक्य थांबते.

बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यांचे अर्ज कधी नीट वाचून पाहावेत. सर्वांत वर बुद्धाची मुद्रा, खाली नाव, शिक्षण, नोकरी, उंची. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आधीच छापलेले असते. त्याच्या खाली काही अर्जांवर आणखी एक रकाना असतो आणि लोक त्यात न चुकता सोमवंशी, लाडवण, बावणे असे लिहितात. अलीकडे काही आयोजकांनी तो रकाना काढून टाकला आहे. अर्ज भरायला आलेले काही पालक तरीही समासात पेनाने तेवढे लिहून देतात.